दळणाचा डबा

"दोन किलो कांदा-लसूण मसाला पाहिजे. तिखट जरा बेताचं ठेवा, घरात लहान मुलं आहेत," फोनवरचा माणूस म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. शरयूताईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी घाईघाईनं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. आम्ही मसाला विकत नव्हतो. आम्ही लग्नं जुळवायचो, तीही दुसरी.

"कोण बोलतंय म्हणायचं?" ताईंनी विचारलं.

"उमेश थोरात. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्या आईच्या मोबाइलवर तुमची वेबसाइट सारखी उघडी असते. म्हटलं, आवडलेला दिसतोय तिला तुमचा मसाला. ती काही तोंडानं मागायची नाही, म्हणून मीच मागवतोय."

"पाठवते हं," ताई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि शांतपणे मला म्हणाल्या, "रेवा, आता दोन किलो मसाला कुठून काढायचा? तुझ्या त्या कॉम्प्युटरमधून निघतो का बघ."

हा सगळा उद्योग माझाच होता, तेव्हा ऐकून घेणं भाग होतं. पुण्यातली कंपनी सोडून मी कऱ्हाडला परत आले होते आणि स्वतःच्या हिमतीवर वेबसाइट बनवून देण्याचा धंदा मांडला होता. शरयूताई खटावकर माझं पहिलं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सोबत' नावाचं केंद्र काढलं होतं. विधवा, विधुर, नवऱ्यानं सोडलेल्या, बायको सोडून गेलेले, सगळे चाळिशीच्या पुढचे. अशा लोकांच्या गाठी त्या घालून द्यायच्या.

केंद्र म्हणजे एक खोली. शेजारी किसनतात्यांची पिठाची गिरणी. खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक दार आणि गिरणीच्या आतून एक दार. पुरुष पुढच्या दारानं यायचे, कडक इस्त्रीचे शर्ट घालून, कारण पुरुषाला कुठे निघालास म्हणून कुणी विचारत नाही. बायका गिरणीतून यायच्या. कडेवर दळणाचा डबा असायचा. तो रांगेत ठेवायचा, तात्यांकडे एक नजर टाकायची आणि बाजूच्या दारानं आत शिरायचं. तात्यांना सगळं ठाऊक होतं. अशा बाईचं दळण ते मुद्दाम शेवटी घ्यायचे. घरी कुणी विचारलंच, तर गरम पिठाचा डबा साक्षीला होताच.

पुण्याच्या कंपनीत माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती, आधी गिऱ्हाईक ओळखा. मी ओळखलं. या बायकांचा मोबाइल त्यांचा एकटीचा नसतो हे माझ्या लक्षात आलं. नातवंडं त्यावर गेम खेळतात, मुलगा बिल भरायला घेतो, सून सहज चाळते. तिथे 'पुनर्विवाह' अशी अक्षरं उमटली की संपलंच. मग मी वेबसाइटलाही गिरणीचं दार बसवलं. वर नाव 'शरयू गृहउद्योग', खाली लालभडक मिरच्यांचा ढीग, घरगुती मसाले, चटण्या, पापड. कोपऱ्यात जात्याचं एक छोटंसं चित्र. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की आतलं खरं केंद्र उघडायचं. कुणाची चाहूल लागली तर एका बोटात पुन्हा मिरच्या. माझ्या हुशारीवर मी जाम खूश होते आणि ते मी लपवतही नव्हते.

फक्त लोक खरंच मसाला मागवतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी किसनतात्या धावून आले. गिरणीच्या मागे त्यांचा मिरची कांडायचा डंक होता आणि त्यांच्या बायकोच्या हाताला चव होती. दोन किलो मसाला उमेश थोरातच्या घरी पोचला. तिथे तो सगळ्यांना भलताच आवडला, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

*

उमेशची आई म्हणजे शालनमावशी. अंगणवाडीत जन्म गेला होता, त्यामुळे आवाज खणखणीत आणि नजर अशी की समोरचं माणूस आपोआप ताठ बसायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं दोन, उमेश कऱ्हाडात आणि धाकटा पुण्यात. दोघांनी मिळून आईची वाटणी केली होती. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. दिवाळी झाली की पुणं, अक्षयतृतीया झाली की कऱ्हाड. भांडण नाही, तंटा नाही. सगळे नातेवाईक या पोरांचं कौतुक करायचे.

मसाला पोचल्यानंतर आठवड्याभरानं मावशी डबा घेऊन आल्या. खुर्चीवर बसल्या आणि पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला सारला.

"काय झालं शालनताई?" शरयूताईंनी विचारलं.

"माझं लेकरू हौसेनं मसाला घिऊन आलं. आन् म्या त्येचीच आमटी करून त्येला वाढतीया. 'आई, झकास झालीया' म्हनतंय. माझ्या घशाखाली घास उतरंना ताई."

"थोडे दिवस कळ काढा. पिसाळांशी एकदा पक्कं ठरू दे, मग आपण सांगूच की घरी. मी स्वतः येते."

ज्ञानदेव पिसाळ उंब्रजचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. माणूस सज्जन, बोलणं मऊ. मावशींशी त्यांची दोनदा भेट झाली होती आणि दोन्ही वेळा तात्यांना दळण परत परत चाळत बसावं लागलं होतं, इतका वेळ दोघं बोलत होते. तिसऱ्या भेटीत ठरवून टाकायचं होतं.

"जे काय करायचं ते दिवाळीआधी करा," मावशी म्हणाल्या. "एकदा पुन्याला गेले की म्या अडकले. तितं पिठाची पिशवी दुकानातनं घरपोच येती. मला भाईर पडायला निमितच ऱ्हात न्हाई."

हे ऐकून मला हसू आलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं.

*

तिसरी भेट दिवाळीच्या तोंडावर झाली. घराघरांतून भाजणीचं दळण येत होतं आणि गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मावशींनी डबा आतच आणून ठेवला होता. आत खोलीत पिसाळ आणि मावशी समोरासमोर बसलेले. मध्ये टेबलावर कांदेपोह्यांच्या दोन बशा. ताईंचा हा नियमच होता. वय काहीही असो, पोहे झालेच पाहिजेत. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर होते.

"माझं एवढंच म्हणणं आहे," पिसाळ खाली बघत म्हणाले, "की आता आपण..."

तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि हातात स्टीलचा रिकामा डबा घेऊन एक तिशीचा माणूस आत आला. "मसाला इथंच मिळतो ना? वेबसाइटवर हाच पत्ता..." आणि तो थांबला. "आई? तू इथं काय करतेस?"

मावशींच्या हातातला चमचा बशीत राहिला. पण शरयूताईंनी तीस वर्षं शाळा सांभाळली होती. त्या डगमगल्या नाहीत.

"या या, उमेशराव. तुमच्या आई मसाल्याचंच सांगायला आल्या होत्या. पुण्याला न्यायचाय म्हणे. आणि हे पिसाळ, आमचे मिरचीवाले. ब्याडगी मिरची यांच्याकडूनच येते आम्हाला."

उमेशनं पिसाळांकडे पाहिलं. पिसाळांनी बशी बाजूला सरकवली. "हो," ते म्हणाले. "मिरची. यंदा माल चांगला आहे."

"लवंगी ठेवता का तुम्ही?"

"ठेवतो की."

मीही मागे राहिले नाही. कॉम्प्युटरचा पडदा उमेशकडे वळवला. त्यावर मिरच्यांचा ढीग झळकत होता. "अजून चटण्यांचे फोटो टाकायचेत, साहेब," मी म्हणाले.

उमेशच्या चेहऱ्यावरची शंका विरून गेली. तो हसला. "काय आई, मला सांगायचं नाहीस का? मीपण त्यासाठीच आलो. धाकट्याला द्यायला आणखी एक किलो पाहिजे. तू कशाला एवढ्या गर्दीत आलीस? चल, डबा मी घेतो." त्यानं खुर्चीजवळचा दळणाचा डबा उचलला.

खोटं का सांगू, त्या क्षणी मला अभिमान वाटला. गिरणीचं दार, मिरचीचं चित्र, दोनदा टिचकी, सगळं अगदी आखल्यासारखं जुळून आलं होतं. मी इतकं बिनचूक काम त्याआधी कधी केलं नव्हतं. आता मावशींनी फक्त उठायचं होतं आणि लेकाच्या मागे चालू लागायचं होतं.

मावशी उठल्या नाहीत.

"उमेश," त्या म्हणाल्या. "डबा खाली ठेव."

"अगं, जड आहे तो. मी नेतो ना."

"खाली ठेव म्हनलं. हितं मसाला इकत न्हाईत. हे लग्नाचं हापिस हाय. म्या लगीन करायला आलीया."

भिंतीपलीकडची गिरणी एकदम थांबली. तात्यांनी पट्टा काढला असावा. भाजणीसाठी जमलेल्या बायका बाजूच्या दाराशी सरकल्या.

उमेश आधी हसला. मग त्याला टेबलावरचे पोहे दिसले. कांदेपोहे समोर ठेवून दोन माणसं का बसतात, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "आणि हा कोण?" त्यानं पिसाळांकडे बोट केलं.

"त्यास्नीच इचार. त्येंचं त्यांनी सांगावं."

आम्ही सगळे पिसाळांकडे पाहू लागलो. पिसाळ उमेशच्या रुंद खांद्यांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. "मी आपलं... मिरचीचं..." आणि त्यांनी मान खाली घातली.

"समजलं," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण त्यात जे काही तुटलं ते मला स्पष्ट ऐकू आलं.

उमेशचा चेहरा लाल झाला होता. "काय कमी केलं मी तुला, आई? सांग ना. सगळ्यांसमोर सांग. खायला घातलं नाही? दवाखाना केला नाही? बाबांच्या मागे या वयात तुला हे असलं सुचतं?"

"कायबी कमी न्हाई केलंस. भाकरी दिलीस, आवशिद दिलंस, मसालासुदिक दिलास. तुज्यावानी पोरगा कुनाला मिळत न्हाई, आसं म्याच गावभर सांगती. पर माझी पिशवी कायम भरलेली आसती, उमेश. कपाटात लुगडं लावून ठिवलं की उचलायची येळ येती. दिवाळी आली की तुज्या बायकूच्या तोंडावर दिसतंय, सुटलो. आकिती आली की त्येच्या बायकूच्या तोंडावर दिसतंय. त्या पोरींचा दोष न्हाई. पर मला आसं एक घर पायजे, जितनं मला कुनी म्होरं धाडनार न्हाई."

उत्तर सुचलं नाही की माणूस दुसऱ्यावर घसरतो. उमेश शरयूताईंकडे वळला. "तुम्ही शिकलेल्या बाई ना? भोळ्या बायकांना फसवायचे धंदे करता? आठ दिवसांत हे दुकान बंद पाडतो की नाही बघा."

शरयूताई खुर्चीतून उठल्या. "फसवलं मी तुम्हाला, उमेशराव. तुमच्या आईला नाही. आणि बंद पाडायला जरूर या, मी इथंच असते."

"आई, तू चल आधी घरी."

"येती की. अजून माझंबी घर हाय त्ये. पर आधी ह्या पोरीशी बोलू दे." मावशी माझ्याकडे वळल्या. "पोरी, ती मिरची काढ तितनं."

"कुठली मिरची, मावशी?"

"त्या चित्रातली. तितं माझा फोटू लाव. खाली नाव लिव्ह. शालन थोरात, वय छप्पन. लगीन करायचं हाय म्हनून लिव्ह, सरळ."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी हातानंच, तूच बोल, अशी खूण केली. मग मीच जमेल तसं समजावू लागले. "मावशी, तुमचं खरं आहे. पण बाकीच्यांचं काय? त्या आटके गावच्या ताईंचा दीर हात उगारतो. मलकापूरच्या बाईंना घरातून काढतील. त्यांना लपायला जागा लागते. मी गिऱ्हाईक बघूनच हे असं केलंय."

मावशींनी पडद्यावरच्या जात्याकडे बोट केलं. "मग त्येंचं दार ऱ्हाऊ दे की. तुज्या त्या जात्याच्या मागं बसू देत जिवाला भिऊन. त्येंला नावं ठेवीत न्हाई म्या. पर म्होरल्या दारात कुनीतरी उभं पायजे का न्हाई? दारात कुनीच न्हाई म्हनल्यावर आत येनारीला वाटतंय, आपुन एकटीच वंगाळ. मला दोन वर्सं त्येच वाटत हुतं."

गिऱ्हाईक ओळखल्याचा एवढा टेंभा मिरवणारी मी, मला त्यांची भीती तेवढी दिसली होती.

"आई," उमेश दात आवळून म्हणाला, "असला फोटो लागला तर मी तुला ओळख देणार नाही. सांगून ठेवतो."

"मग बरंच हाय. वळख नसलेल्या बाईचा फोटू तू कशाला बघतोयास?"

गिरणीच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. पिसाळ हळूच उठले, दाराकडे सरकू लागले. मावशींनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "पोहं खाऊन जावा, पिसाळ. उष्टं टाकू नगा. आन् रागावू नगा, पर मिरचीवाल्याशी मला लगीन न्हाई करायचं."

पिसाळांनी उभ्या उभ्या पोहे संपवले. बिचाऱ्यांना ते कसे लागले असतील देव जाणे. मग ते निघून गेले.

मी मोबाइल काढला. मावशींनी पदर नीट केला, डोक्यावर घेतला नाही. भिंतीला पाठ लावून त्या सरळ बसल्या आणि अंगणवाडीतल्या पोरांकडे बघावं तसं थेट माझ्याकडे पाहिलं. मी फोटो घेणार तोच दिसलं, चौकटीत एका बाजूनं उमेशचा हात येतोय. तो अजून तिथेच होता, दळणाचा डबा धरून. खाली ठेव म्हटलेला डबा त्यानं ठेवलाच नव्हता.

"जरा बाजूला व्हा," मी त्याला म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिनं पापणी हलवली नाही. आणि तो बाजूला झाला.

*

त्याच संध्याकाळी मिरच्या गेल्या आणि शालनमावशी आल्या. जात्याचं चित्र मी कोपऱ्यात तसंच ठेवलं.

पुढचे काही दिवस फोन घ्यायची सोय राहिली नाही. कुणी शिव्या घातल्या, कुणी संस्कृतीवर प्रवचन दिलं. एकानं तर मुद्दाम फोन करून म्हाताऱ्या बायकांचा बाजार मांडलाय म्हणून सुनावलं. ताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कोण एकटं आहे का हो?" त्यानं फोन ठेवला. दारावर नव्यानं लावलेल्या 'सोबत'च्या पाटीवर रात्रीतून कुणीतरी डांबर फासलं, तर ताईंनी दुप्पट मोठी पाटी केली. उमेश दुकान बंद पाडायला आला नाही. त्यानं आईला दिवाळीच्या आधीच पुण्याला नेऊन सोडलं.

मग शिव्यांच्या मधूनच वेगळे फोन येऊ लागले. बायका पहिलं वाक्य एकच बोलायच्या, "ते फोटो लावलाय त्या बाई खऱ्या आहेत का हो?" खऱ्या आहेत म्हटलं की त्या बोलू लागायच्या. काही दिवसांतच आटक्याच्या ताई म्हणाल्या, माझाही फोटो पुढे घ्या, दिराचं मी बघून घेते. एकीपाठोपाठ एक, मिरच्यांच्या जागी चेहरे भरत गेले.

थंडीत एक दिवस पिसाळ आले. हातात टोपी, चेहरा पडलेला.

"माझा फोटो लावा," ते म्हणाले. "त्यांच्या शेजारी नको, तेवढी माझी लायकी नाही. अगदी खाली लावा. पण नाव, गाव, डेपो सगळं लिहा. आणि मिरचीचा धंदा करत नाही, हेपण लिहा."

मी शब्द न बदलता ते तसंच लिहिलं.

पुण्याहून मावशींचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बगितलं म्या. ऱ्हाऊ दे तसंच थोडं दिवस. लोकांनीबी बगू दे." त्यांनी पिसाळांना आख्खा हिवाळा तिथे टांगून ठेवलं. अक्षयतृतीयेला मावशी पिशवी घेऊन कऱ्हाडला उतरल्या, त्या उमेशच्या घरी न जाता थेट ताईंच्या खोलीवर आल्या. तिथेच त्यांनी आणि पिसाळांनी एकमेकांना हार घातले. पोहे मी केले, थोडे करपले.

उमेश आला नाही. त्याची बायको मात्र आली. सासूच्या पाया पडली, आणि निघताना मला दाराशी बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "त्या वेबसाइटचं नाव जरा नीट सांगाल? माझी आई इस्लामपूरला एकटी असते."

आता या गोष्टीला बरीच वर्षं लोटली. त्यानंतर मी कितीतरी धंद्यांच्या वेबसाइट केल्या, पण त्या कामाबद्दल मिळालेली सगळ्यात खरी पावती किसनतात्यांची. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ते बाजूच्या दारातून आत आले. भुवयांवर पीठ, चेहरा वैतागलेला.

"ताई, तुमी माझा धंदा बसीवला," ते म्हणाले. "तुमच्या बायका दळण आणंनात. समद्या पुढल्या दारानं येत्यात, रिकाम्या हातानं."